लायनीवर मोहरीकाका

नॉरिच सिटी हरली की मोहरीकाका पाच मिनिटं कुणाशीही बोलत नाहीत. सहाव्या मिनिटाला ते रेडिओशी बोलायला लागतात. जिंकली तरी क्रम हाच, फक्त पहिली पाच मिनिटं गाळायची.

मोहरीकाका हे नाव आमचं, म्हणजे मी आणि बायकोने आपापसात ठेवलेलं. नोकरीनिमित्त आम्ही इंग्लंडमध्ये नॉरिचला आलो तेव्हा ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो, ते हे घरमालक. नॉरिच सिटी या फुटबॉल क्लबच्या कॅरो रोड स्टेडियमला लागूनच कोलमनचा मोहरीचा कारखाना होता. काकांची सगळी नोकरी तिथे झाली. स्टेडियमसुद्धा मूळ कोलमनच्याच जागेवर, 1935 साली अवघ्या 82 दिवसांत उभं राहिलेलं. पुढे कारखाना बंद पडला. मोहरी गेली तरी तिचा झणका तेवढा काकांच्या जिभेवर राहिला. 'कारखाना घालवला, आता क्लबही घालवतील' हे वाक्य ते चहात साखर घालताना सहज म्हणतात. कोण घालवतील, ते त्या आठवड्याच्या निकालावर ठरतं.

मी मूळचा कोल्हापूरचा. काकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "तुमच्याकडे क्रिकेटच ना?" मग मी त्यांना शाहू स्टेडियम सांगितलं, पाटाकडील तालीम सांगितली, शिवाजी तरुण मंडळ सांगितलं, पेठापेठांतली ईर्ष्या सांगितली. काकांनी सगळं मन लावून ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "आणि या टीमांवर रेडिओवर टीका कोण करतं?" मी म्हटलं, त्याला रेडिओ कशाला लागतो, चौकातल्या चहाच्या गाड्यावर रोज होते. काकांना आमची कीव आली असावी. रीतसर फोन नाही, कार्यक्रम नाही, निवेदक नाही, आणि म्हणे फुटबॉल!

काकांचं सीझन तिकीट बार्कले स्टँडमधलं. डोळ्यांसमोर सामना आणि कानात बीबीसीचं स्थानिक केंद्र रेडिओ नॉरफोक, अशी त्यांची बैठक. एकदा मलाही नेलं होतं. मी म्हटलं, "काका, समोर दिसतंय ना सगळं? मग कानात ते कशाला?"

"दिसतंय ते ठीक आहे. ते लोक काय सांगतायत ते कळायला नको?"

तेवढ्यात आमच्या बचावपटूने चेंडू अलगद समोरच्या टीमच्या पायात नेऊन दिला. काका ताडकन उठले आणि त्या पोराच्या घराण्यापासून बुटाच्या नाडीपर्यंत सगळं बाहेर काढलं. मग खाली बसले. डिजिटल रेडिओ मैदानापेक्षा काही सेकंद मागे चालतो. ते सेकंद सरले आणि काका पुन्हा ताडकन उठले.

"काय झालं?"

"म्हणे पास निष्काळजीपणाचा होता! अरे, पोर आहे ते अजून! याचं काय जातं माइकसमोर बसून बोलायला?"

प्रत्येक चुकीला काकांना असं दोनदा उठावं लागतं. एकदा शिव्या द्यायला, एकदा बाजू घ्यायला. गुडघे कुरकुरतात त्याचं कारण डॉक्टर वय सांगतात. मला ते पटत नाही.

आपल्या कार्ट्याला आपण बडवायचं, पण मास्तरांनी कान धरला तर तावातावाने शाळेत जायचं, तसला हा कारभार. टीका नकोच असं काकांचं म्हणणं नाही. टीका करण्याचा हक्क कुणाला, एवढाच वाद आहे, आणि त्याची उतरंड त्यांच्या डोक्यात पक्की आहे. सर्वांत वर स्वतः काका. खाली बार्कले स्टँडमध्ये पावसात बसणारे. त्यांच्याखाली घरी बसून ऐकणारे, त्यांनी जपून बोलावं. मग स्थानिक रेडिओ, त्याने विचारून बोलावं. लंडनवाल्यांनी बोलूच नये. आणि हाडवैरी इप्सविचच्या माणसाने तर हवामानाबद्दलसुद्धा मत देऊ नये.

या क्लबच्या खेळाडूंना कॅनरी म्हणतात. पूर्वी सागरापलीकडून आलेल्या विणकरांनी हे पिवळे पक्षी या गावात आणले, लोक ते हौसेने पाळू लागले आणि क्लबने त्यांचा रंग अंगावर घेतला. म्हणून सामन्यानंतर श्रोते फोन करून गाऱ्हाणी मांडतात त्या कार्यक्रमाचं नाव 'कॅनरी कॉल'. पक्षी गोड गातो अशी ख्याती आहे. कार्यक्रम ऐकल्यावर तसं वाटत नाही.

फोन करण्याचा काकांचा विधी ठरलेला आहे. आधी पाकिटाच्या पाठीवर मुद्दे लिहायचे. गॅसचं बिल ज्या पाकिटातून येतं ते सगळ्यांत चांगलं, त्याची पाठ मोठी असते. मग फोन घेऊन जिन्याखालच्या कोनाड्यात जायचं, कारण फोनजवळ रेडिओ चालू असला तर शिट्टी वाजते आणि निवेदक सगळ्यांदेखत 'रेडिओ बंद करा' म्हणतो. तो अपमान एकदा झाला होता. आधी पलीकडे एक मुलगी येते, नाव-गाव-मुद्दा टिपून घेते आणि थांबायला सांगते. त्या थांबण्यात काकांचा आवाज बदलतो. घरात जो माणूस व्यवस्थापकाचा उल्लेख फक्त सर्वनामाने करतो, तो आता हळुवार, घरंदाज, अर्धी पट्टी वर चढून बोलायला लागतो. "नमस्कार. कार्यक्रम फार सुंदर असतो. मी तसा कधी फोन करत नाही..."

निवेदक हे वाक्य कित्येक वर्षं ऐकत आला आहे. पण तो सभ्य माणूस आहे.

स्वतःचं भाषण काकांना अर्थातच रेडिओवर ऐकता येत नाही. ते ऐकतात स्वयंपाकघरात काकू, बटाटे भाजता भाजता. काका कोनाड्यातून बाहेर येतात, कपाळ पुसतात आणि विचारतात, "कसा झालो?"

"नेहमीसारखाच."

या उत्तराला काका दाद समजतात.

आता या विश्वात एक शत्रू हवा, आणि तो आहे. ग्रेट यार्मथचा कुणी एक गृहस्थ. काकांनी त्याला कधी पाहिलेलं नाही. नावाने ते त्याला ओळखत नाहीत असंही दाखवतात, 'तो यार्मथवाला' एवढंच. यार्मथवाल्याचं मत असं की रेडिओ क्लबला फार सांभाळून घेतो. व्यवस्थापकाची मुलाखत क्लबच्या मर्जीने मिळते, मैदानावरून समालोचन करायचं तर क्लबशीच करार करावा लागतो, मग खडे बोल सुनावणार कोण? न्यूकॅसल युनायटेडने 2013 साली स्थानिक वर्तमानपत्रांच्या बातमीदारांना दार बंद केलं होतं, कारण त्यांनी चाहत्यांच्या निषेध मोर्चाची बातमी ठळक छापली. हा दाखला यार्मथवाला दर दोन महिन्यांनी देतो.

खरं सांगायचं तर या वादात मला यार्मथवाल्याचं पटतं. पण मी भाडेकरू आहे.

काकांचं म्हणणं याच्या नेमकं उलट. रेडिओ फार नकारात्मक आहे. पोरं घरी जाताना गाडीत ऐकतात, त्यांच्या मनावर परिणाम होतो, पुढच्या शनिवारी पाय जड होतात. म्हणजे सबंध दुपार चार हात अंतरावरून त्या पोरांच्या कानात काकांनी जे ओतलं त्याचा परिणाम शून्य, आणि निवेदकाने 'बचाव थोडा ढिला वाटला' म्हटलं की पाय जड! मी हे बोलून दाखवलं नाही. भाड्याचा करार नूतनीकरणाला आला होता.

काकांचं सगळं वैभव पाहायचं तर 6 नोव्हेंबर 2021 चा शनिवार पाहायला हवा होता. डॅनियल फार्के व्यवस्थापक होते. दोनदा दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा जिंकून क्लबला प्रीमियर लीगमध्ये नेणारा हा जर्मन माणूस, पण त्या मोसमात लीगमध्ये एकही विजय नव्हता. काकांनी सलग तीन शनिवार रेडिओवर त्यांना घालवायची मागणी केली होती. त्या दिवशी ब्रेंटफर्डला सामना. सामन्याआधीच काकांनी पाकीट लिहून तयार ठेवलं: 'आभार मानावे आणि निरोप द्यावा'.

नॉरिच 2-1 ने जिंकली. काकांनी पाकीट उलटून आतल्या बाजूला नवीन मजकूर लिहिला: 'संयम. मी पहिल्यापासून म्हणत होतो'. काकूंनी कढईवरून मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, बोलल्या काही नाहीत. आणि काही तासांत बातमी आली की क्लबने फार्केंना काढलं. जिंकल्याच्या दिवशी!

काका सोफ्यावर बसून राहिले. मग उसळले. ही काय माणुसकी आहे? पहिला विजय मिळवलेल्या माणसाला संध्याकाळी घरी पाठवायचं? पाकिटात आता जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी काकूंची वाणसामानाची यादी घेतली आणि दुधाच्या आणि अंड्यांच्या मधल्या जागेत निषेध लिहून काढला.

मी भीत भीत म्हटलं, "काका, पण तुम्हीच तर म्हणत होता, काढा म्हणून."

"मी म्हणत होतो," काका म्हणाले. "त्यांनी ऐकायचं कशाला?"

यापेक्षा मोठं धर्मसंकट त्यांच्यावर एकदाच आलं होतं, मी इथे येण्याआधी. काकूंनी सांगितलेली गोष्ट आहे ही. नील अॅडम्स हा क्लबचा जुना खेळाडू बरीच वर्षं रेडिओ नॉरफोकवर तज्ज्ञ म्हणून सामन्याची चिरफाड करत असे. पुढे तो क्लबच्या युवा संघाचा प्रशिक्षक झाला आणि एप्रिल 2014 मध्ये, मोसमाचे पाच सामने उरलेले असताना, क्लबने त्यालाच मुख्य व्यवस्थापक केलं. टीका करणारा माणूसच टीकेच्या खुर्चीत! काकांना सुचेना की बाजू घ्यायची ती रेडिओची की क्लबची. टीम खालच्या श्रेणीत घसरली. पुढच्या जानेवारीत अॅडम्सने राजीनामा दिला. तेवढे महिने घरात काय शांतता होती म्हणून सांगू, असं म्हणताना काकूंचा चेहरा अजून खुलतो.

लंडनवाल्यांची गोष्ट वेगळी. तिथे काकांचा संयम सुरूच होत नाही. डेलिया स्मिथ या 2024 पर्यंत क्लबच्या मालकीणबाई, साऱ्या इंग्लंडला स्वयंपाक शिकवलेल्या. 2005 च्या फेब्रुवारीत मँचेस्टर सिटीविरुद्ध मध्यंतराला त्या माइक घेऊन थेट मैदानात उतरल्या आणि तुमचा आवाज कुठे गेला म्हणून प्रेक्षकांनाच आव्हान दिलं. दोन गोलांची आघाडी तोवर गेली होती, पुढे सामनाही 3-2 ने गेला, आणि देशभर त्यांची यथेच्छ टिंगल झाली. काकांचं स्वतःचं मत असं की हा क्लब कित्येक वर्षं स्वयंपाकघरासारखा चालवला गेला. हे मत त्यांनी मला, पोस्टमनला आणि दाताच्या डॉक्टरला, तोंडात यंत्र असताना, सांगितलेलं आहे. पण लंडनच्या कुठल्याशा रेडिओवर कुणी ते वाक्य उच्चारलं त्या दिवशी काका पाऊण तास त्यांच्या लायनीवर थांबून राहिले. नंबर लागला नाही. शेवटी त्यांनी ते भाषण मला ऐकवलं. त्यात डेलियाबाईंनी संकटात क्लबमध्ये घातलेला पैसा होता, काकूंना शिकवलेला रोस्ट होता, आणि अखेरीस म्युनिक होतं. काकांचे सगळे वाद म्युनिकला येऊन थांबतात. 1993 साली नॉरिचने बायर्न म्युनिकला त्यांच्याच ऑलिम्पिक स्टेडियमवर 2-1 ने हरवलं होतं. त्यानंतर समोरच्याला बोलायला काही उरत नाही, निदान काकांना तसं वाटतं.

2023 मध्ये बीबीसीने स्थानिक केंद्रांचे दुपारनंतरचे बरेच कार्यक्रम शेजारच्या केंद्रांबरोबर जोडले तेव्हा काकांची झोप उडाली होती. शेजार म्हणजे सफोक, आणि सफोक म्हणजे इप्सविच! सामन्याचं समालोचन वाचलं, पण ते वाचेल याची खात्री होईपर्यंत ज्या रेडिओला ते दर शनिवारी नावं ठेवत, त्याच्या बचावासाठी काकांनी तीन पाकिटं खर्ची घातली. त्या आठवड्यात यार्मथवालाही फोनवर हेच बोलला. दोघांचं एकमत झालेलं ते एकमेव प्रकरण. काका त्याबद्दल बोलायचं टाळतात.

गेल्या हिवाळ्यात यार्मथवाल्याचा फोन लागोपाठ दोन शनिवार आला नाही. पहिल्या शनिवारी काका खूश होते. 'तोंड नसेल दाखवायला.' दुसऱ्या शनिवारी टीम चांगली खेळली, काकांच्या पाकिटावर बिनतोड मुद्दे होते, पण खोडणारा कुणी नव्हता. भाषण रंगेना. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मंगळवारीच रेडिओच्या कचेरीत फोन लावून चौकशी केली. श्रोत्यांची माहिती देता येत नाही असं त्यांना नम्रपणे सांगण्यात आलं. मग शनिवारी, कार्यक्रमात, बचावफळीवर बोलता बोलता ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "ते यार्मथचे सद्गृहस्थ ऐकत असतील तर त्यांना सांगायचंय, तुमचं म्हणणं साफ चूक आहे. पण फोन करा."

कोनाड्यातून बाहेर आल्यावर त्यांनी 'कसा झालो' विचारलं नाही.

अर्ध्या तासाने यार्मथवाला लायनीवर आला. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, इस्पितळात होता. बाकी काही अडलं नाही, रेडिओ उशाशीच होता, आणि मागचे दोन्ही शनिवार तुमचे ते नॉरिचचे गृहस्थ जे काही बोलले त्यात शहाणपणाचा एक शब्द नव्हता, असं त्याने साऱ्या नॉरफोकला ऐकवलं.

काकांनी टेबलावर मूठ आपटली. चेहरा असा उजळला होता की मी क्षणभर स्कोअर तपासला. काकूंनी रोस्ट टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाल्या, "जेवायला बसा आता, गार होतंय."

"तुम्ही घ्या सुरू करून," काका फोन उचलत कोनाड्याकडे निघाले. "आणि तो आवाज कमी कर. शिट्टी वाजते."