पीओपीच्या वर पाहा

वर्ध्यात घर विकायला काढलंय? मग गिऱ्हाइकाला मे महिन्यात दुपारी तीनला बोलवा आणि कूलर बंद करून वरच्या खोलीत बसवा. पारा ४५-४६वर असताना तो माणूस तिथं निवांत चहा पिऊ शकला, तर तुमच्या घराला किंमत आहे. घाम पुसत जिन्याकडे पळाला, तर हॉलमधलं पीओपी त्याला परत वर आणणार नाही.

तरी घर विकायच्या आधी आपण करतो काय? पीओपी, त्यात निळे दिवे, दर्शनी भिंतीला टेक्श्चर आणि धडधाकट फरशीवर नवी चकचकीत टाइल. गिऱ्हाईक ‘छान आहे’ म्हणतं. मग बँकेचा व्हॅल्युअर येतो. तो टेप लावतो. जागेचा भाव, बांधकामाचं क्षेत्र, घराचं वय आणि मंजूर नकाशा एवढं त्याच्या कामाचं. नकाशात नसलेली मागची खोली आणि वर चढवलेला अर्धा मजला मोजणीतून गळतो. गिऱ्हाइकाला कर्ज त्याच आकड्यावर मिळतं आणि सौदा तिथंच अडतो.

म्हणून घराची पहिली सुधारणा तलाठी कार्यालयात आणि नगर परिषदेत होते. वडील जाऊन दहा वर्षं झाली, तरी घर त्यांच्याच नावावर असेल, तर आधी वारसांचा फेरफार करा. गुंठेवारीतला प्लॉट असेल, तर २००१चा कायदा २०२१ साली सुधारला गेला आहे. ३१ डिसेंबर २०२०पर्यंतची, नियमात बसणारी प्रकरणं नियमित होऊ शकतात. गावठाणात ड्रोन मोजणी झाली असेल, तर स्वामित्व योजनेतली सनद ताब्यात घ्या. या कामांना पीओपीपेक्षा कमी पैसे आणि जास्त हेलपाटे लागतात. हेलपाटे घाला.

दुसरी सुधारणा डोक्यावर. उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत ओकतो. म्हणून पहाटे तीनलाही पंखा गरम हवा फेकतो. आधी उतार तपासा, पाणी साचत असेल तर कोबा नीट करून घ्या. त्यावर फुटक्या पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवा. तेवढे पैसे नसतील, तर उन्हाळ्याआधी चुना मारा. ऐपत असेल, तर सोलर लावा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांचं अनुदान आहे. पॅनलची सावली स्लॅबवर पडते ती वेगळीच, आणि गिऱ्हाइकाला दाखवायला हातात कमी आलेलं वीजबिल असतं.

हे शिकायला वर्धेकरांना लांब जावं लागत नाही. शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. १९३६ साली गांधीजी तिथं राहायला गेले, तेव्हा त्यांनी अट घातली होती: घराचा खर्च कमीत कमी असावा आणि सामान आसपासचंच असावं. जाड मातीच्या भिंती, वर कवेलू, बाजूने ओसरी. भर उन्हाळ्यात बापूकुटीत पाऊल टाका आणि मग आपल्या स्लॅबच्या घरात या. फरक अंगाला कळतो. वर्ध्याच्याच ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’नं मातीच्या आणि कवेलूंच्या बांधकामावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. आज सगळ्यांनी मातीचं घर बांधावं, असं मी म्हणत नाही. पण पश्चिमेच्या भिंतीला छपरी आणि खिडकीवर रुंद छज्जा द्यायला कोणी अडवलंय? नव्या लेआउटमधल्या घरांतून ओसरी आधी गेली आणि तिच्या जागी काचेची मोठी खिडकी आली. या उन्हात ती काच म्हणजे घराला लावलेली भट्टी आहे.

तिसरी सुधारणा पायाशी. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पाया हलवते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग पुट्टीनं बुजवून वर रंग मारला, तरी दोन ऋतूंत ती पुन्हा तोंड काढते. सांदवाडीत जाऊन पाहा: कूलरचं पाणी, भांड्यांचं पाणी, गच्चीच्या पाइपातून पडणारं पाणी, सगळं भिंतीच्या बुडाशी मुरतंय. घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार दिलेला तीन फुटांचा पक्का पट्टा करा आणि गच्चीचं पाणी पाइपानं लांब शोषखड्ड्यात न्या. भेग आधीच मोठी असेल, तर रंगाऱ्याच्या आधी इंजिनिअर बोलवा. आणि भेग लपवून घर विकू नका. समोरचाही आयुष्यभराची कमाई लावतोय.

या सगळ्याची पक्की बिलं जपा. नुसती रंगरंगोटी आणि किरकोळ डागडुजी चालत नाही, पण घरात घातलेली कायमची भर विक्रीच्या वेळी भांडवली नफ्यातून वजा होते. आज त्या नफ्यावर साधारण १२.५ टक्के कर आहे. मिस्त्रीला रोख देऊन कागद न घेणारा माणूस तेवढ्या पैशांवर पाणी सोडतो.

हातात दोन लाख असतील, तर क्रम असा: कागद, छत, पाया. त्यातून उरले, तर खुशाल पीओपी करा. घर विकायचा दिवस वीस वर्षांनी येईल, कदाचित येणारही नाही. उन्हाळा मात्र दरवर्षी मार्चातच दारात येतो. ज्या घरात तुमची म्हातारी आई दुपारी शांत झोपू शकते, त्याच घराला गिऱ्हाईकही चार पैसे जास्त देईल.