उपशाचे उपासक

डिझेल गाडीच्या टाकीतील इंधन उचलून इंजिनाजवळच्या मुख्य पंपापर्यंत पोचवणाऱ्या छोट्या साहाय्यक पंपाला लिफ्ट पंप म्हणतात. मराठीत त्यास उपसा पंप म्हणता येईल, परंतु पंचगंगेच्या काठी त्या शब्दाने उसाच्या फडाकडे निघालेली पाइपलाइनच डोळ्यांपुढे उभी राहत असल्याने गॅरेजमध्ये त्याला ‘फीड पंप’ म्हणण्याचीच रीत आहे. गाडीला मुळात नसलेला हा पंप पदरमोड करून बसवून घेणाऱ्या गृहस्थांचा एक स्वतंत्र वर्ग महाराष्ट्रात नांदतो, आणि जुनी जीप, मालकाची पन्नाशी व रविवारची मोकळी सकाळ ही तिन्ही जेथे एकत्र येतात, तेथे या वर्गाचा निदान एक प्रतिनिधी बॉनेटखाली वाकलेला आढळतो.

त्याच्या आयुष्याचे अधिष्ठान म्हणजे ‘एअर’. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत हवा शिरली की ‘गाडीने एअर घेतली’ असे म्हणतात. हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबले जात नाही, एवढ्या साध्या भेदातून पुढचे सर्व रामायण घडते. कारण नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारी तोटी, वातावरणाच्या शंभरपटीहून अधिक दाब आल्याखेरीज उघडत नाही, आणि मध्ये बुडबुडा अडकलेला असेल तर मुख्य पंपाचा सगळा जोर त्या बुडबुड्याला चेपण्यातच खर्ची पडतो. रात्रभर उभी असलेली गाडी मग सकाळी सेल्फ मारल्यावर दोनदा खोकते आणि मौन धारण करते. त्यावरचा उपाय म्हणजे फिल्टरच्या डोक्यावरील बोल्ट सैल करून, प्रायमर नावाचा हातपंप अंगठ्याने दाबत, फेस संपून डिझेलची सलग धार येईपर्यंत चिकाटीने उभे राहणे. हा विधी गृहस्थ कचेरीला निघताना, इस्त्रीच्या शर्टानिशीच करीत असल्याने त्यांच्या गाडीचे आरोग्य कसे आहे, हे सहकाऱ्यांना उजव्या बाहीवरून समजते.

असा विधी वर्षभर झाला की गृहस्थांना सिद्धान्त सुचतो. जुन्या गाड्यांच्या लाइन पंपाला, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा दट्ट्या असलेल्या पंपाला, कुशीत स्वतःचा फीड पंप असतो. रोटरी पंपाला मात्र, जो एकाच फिरत्या भागातून सर्व सिलिंडरांना पाळीपाळीने डिझेल वाटतो, अनेक गाड्यांत टाकीतले इंधन स्वतःच ओढून घ्यावे लागते. ‘बिचाऱ्याने किती म्हणून ओढायचे?’ असा करुण प्रश्न ते सोसायटीच्या जिन्यात भेटेल त्याला विचारतात. वस्तुतः वातावरणाचा दाब डिझेलला सुमारे बारा मीटर उंच चढवू शकतो आणि जीपची टाकी पंपाच्या खाली असली तरी हातभरच असते, त्यामुळे अडचण उंचीची नसून गळक्या सांध्याची असते; परंतु सांधा तपासायचा तर गाडीखाली आडवे पडावे लागते, आणि सिद्धान्त उभ्याने मांडता येतो. आधारासाठी अमेरिकेचा दाखला तयार असतोच. तेथील ड्युरामॅक्स इंजिनाच्या पिकअप गाड्या २००१ पासून सुमारे दीड दशक लिफ्ट पंपाविना विकल्या गेल्या आणि कित्येक मालकांनी तो मागाहून बसवला, ही गोष्ट अगदी खरी आहे. फक्त त्या गाड्या तीनशे अश्वशक्तीच्या जोरावर अवजड ट्रेलर ओढतात आणि ही जीप मंडईतून मेथी आणते. गृहस्थ नाशिकचे असतील तर दाखला सातपूरचा असतो, कारण मेव्हणा ‘मायको’त होता, आणि ज्याचा मेव्हणा नोझलच्या कारखान्यात होता त्याच्याशी डिझेलविषयी वाद घालू नये, असा तेथे संकेत आहे.

पंपाची खरेदी पुण्यात बहुधा नाना पेठेत होते. मुख्य पंपाला मागून हलका हात हवा असतो, धक्का नको असतो, हे न जाणणारे काहीजण तेथून पेट्रोल इंजेक्शनचा तीन बार दाबाचा पंप घेऊन येतात. त्या दाबाने रोटरी पंपाच्या दांड्याचे सील फुटून डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते, आणि मग डिपस्टिकवरची पातळी वाढलेली पाहून ‘गाडी ऑइल अजिबात खात नाही’ असा आनंदही काही दिवस उपभोगता येतो. जाणकार मात्र कमी दाबाचा, टिकटिकणारा पंप निवडतो, पंप ढकलतो चांगले आणि ओढतो बेताचे म्हणून तो टाकीजवळ खाली लावतो, आणि रिले व फ्यूज घालून त्याची वायर चावीशी जोडतो. उद्घाटनाच्या दिवशी चावी अर्धीच फिरवून, इंजिन सुरू न करता, सर्वांना शांत राहण्यास सांगितले जाते. टिक्, टिक्, टिक्. ‘ऐकू आलं?’ असे ते पत्नीला विचारतात. ‘आलं. आता निघायचं का? मुहूर्त टळेल,’ असे ती म्हणते, आणि गाडी, हेही मान्य केले पाहिजे, पहिल्या सेल्फला सुरू होते.

यानंतर जे घडते त्यास यंत्रशास्त्रातील काव्यगत न्याय म्हणावयास हरकत नाही. पूर्वी नळीतून डिझेल ओढले जात असल्याने सैल सांध्यातून हवा आत शिरे आणि बाहेर एक थेंबही दिसत नसे; आता तेच डिझेल मागून ढकलले जात असल्याने त्याच सांध्यातून ते बाहेर येते. आठवड्याभरात पार्किंगच्या फरशीवर बशीएवढा डाग उमटतो, त्यावर चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा येतो, आणि वॉचमनच्या तक्रारीवरून मिस्त्रीला बोलावले जाते. तो काही न बोलता गाडीखाली सरकतो, फिल्टरकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट काढतो, झिजून चपटा झालेला तांब्याचा वॉशर गृहस्थांच्या तळहातावर ठेवतो आणि खिशातला नवा बसवतो. त्या वॉशरला काही रुपये पडतात. तो बदलल्यावर पंपाची गरज उरत नाही, परंतु पंप काढून टाकलेली जीप अद्याप कोणाच्या पाहण्यात नाही.