दुसरा पंखा कुणाचा?

"मेथी निवडतेयस वाटतं? ये, भिंतीपाशीच बस. तुला एक गंमत सांगते, पण तुझ्यापाशीच ठेव हं. आमचे चिरंजीव हल्ली पंख्याचं बोलणं ऐकतात."

"पंख्याचं?"

"अगं, अंबडहून ड्यूटी करून येतो, चहा होतो न होतो तोच लॅपटॉप उघडतो. मला वाटलं, स्थळांचे फोटो बघतोय. डोकावले तर 7बी, 22, 7बी, 22, नुसते आकडे!"

"अगंबाई! कसले हो आकडे?"

"आमचा हॉलमधला पंखा माहितीये ना, फोनवरून चालतो तो? ॲटमबर्गचा. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या दोघांनी 2012 साली काढलेली कंपनी. साधा पंखा 75 वॅट खातो, हा फुल्लवर 28. नाशिकचा उन्हाळा काही आता पूर्वीचा राहिला नाही, म्हणून घेतला."

"आम्हीही तुमचा बघूनच घेतला की."

"हो ना. तर हा पंखा म्हणे घरातल्या वायफायवर सारखा स्वतःची खबर देत असतो, 5625 नंबरच्या पोर्टवर. कुणी ऐको न ऐको. ते 7बी म्हणजे महिरपी कंस, 22 म्हणजे अवतरणचिन्ह. आकड्यांची अक्षरं केली की मजकूर सरळ वाचता येतो, कुलूपबिलूप काही नाही."

"आणि त्यात असतं काय?"

"तेच शोधायला मला रिमोट देऊन बसवलं! मी 3 दाबलं की पडद्यावर 19. 4 दाबलं की 20. मग पोराची ट्यूब पेटली. 16 म्हणजे पंखा चालू, त्यात वेग मिळवायचा. पंख्यावरचा दिवा लावला की आणखी 32, म्हणजे 19चे झाले 51. वाण्याची उधारीची वही याहून अवघड असते गं."

"पण असं उकरून काढलेलं चालतं का? उद्या पोलीसबिलीस यायचे."

"मीही तेच म्हटलं. तर 1957च्या कॉपीराइट कायद्यात 52व्या कलमात सोय आहे म्हणे. आपल्याकडे रीतसर असलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवायचाय आणि त्यासाठी लागणारी माहिती सहजी मिळत नाहीये, तर ती शोधून काढता येते. या कंपनीने तर असल्या उद्योगी पोरांसाठी दार स्वतःच उघडं ठेवलंय. मात्र दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये न विचारता शिरलं, तर आयटी कायद्याचं 43वं कलम लागतं."

"म्हणजे आता सगळं घर त्याच्या मुठीत!"

"कसलं! गिझरचा प्लग दाद देत नाही. कुठल्याशा कंपनीचा, स्वस्त मिळाला म्हणून आणलेला. तो जे बोलतो ते कुलपात घालून. प्लग भिंतीवर, फोन माझ्या हातात, आणि हुकूम जाऊन येतो कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरवर. नेट गेलं की उठून बटण दाबायचं, मग कशाला हवा असला प्लग? पण पोरगा काय म्हणाला ऐक. तो काय बोलतो ते कळत नसलं तरी केव्हा बोलतो ते दिसतंच. गिझर लावला रे लावला की त्याची हालचाल सुरू. आंघोळीला कोण किती वाजता गेलं, हे कळायला कुलूप फोडायची गरजच नाही."

"बाई गं! हे काही बरं नाही."

"खरी गंमत पुढेच आहे. परवा ऐकायला बसला, तर दोन पंखे बोलत होते."

"तुमच्याकडे तर एकच आहे ना?"

"तेच तर! दुसरा रात्री दीडला 5वर, पहाटे 2वर. दोन रात्री तसंच."

"..."

"हात का थांबला? निवड की मेथी."

"काकू, दिवाळीत ह्यांनी तुमच्याकडून पासवर्ड घेतला होता. सिरीयल बघायला."

"सिरीयल बघा ना, मी कुठे नाही म्हणते? पण पंखाही आमच्याच वायफायला जोडलात!"

"तरीच सकाळपासून ॲपवर ऑफलाइन दाखवतोय! मला वाटलं, नेटच गेलं."

"नेट आहे जागेवर. आमच्या ह्यांनी पासवर्ड बदलला. पोरालाही बजावलंय, आपला पंखा ऐक, लोकांचा नको."

"मग नवा पासवर्ड...?"

"देते की. शेजारधर्म आहे. पण आधी मला सांग, रात्री दीडपर्यंत तुमच्याकडे जागं कोण असतं?"