साठ हजारांचं कॉन्फिग

भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात छंदिष्टांचे तीन प्रकार जुने आहेत. एक बैलगाडा शर्यतवाला. दुसरा दर रविवारी तोरणा नाहीतर राजगड चढणारा. तिसरा भोरच्या राजवाड्यात शूटिंग आलं की दिवसभर उन्हात उभं राहून पुढे वर्षभर ‘त्या सीनमध्ये मागे मी आहे’ असं सांगणारा. अलीकडे त्यांत चौथ्याची भर पडली आहे. हा उन्हात जात नाही. त्याला गेमिंगचा पीसी ‘बिल्ड’ करायचा आहे आणि ते काम तो बारावीपासून करतो आहे. आता डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आलं, अजून एकही स्क्रू पिळलेला नाही.

त्याला ओळखायला त्याच्या मोबाइलमधली नोंदवही पुरते. त्यात ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘फायनल पक्का’ आणि ‘पप्पांना दाखवायचं’ अशा चार याद्या असतात. पहिल्या तीन याद्यांची बेरीज 60,000 च्या पुढे जाते आणि चौथीची 45,000 वर थांबते. फरक कुठून भरून निघणार हे कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं.

त्याचा लाडका शब्द म्हणजे ‘बॉटलनेक’. प्रोसेसर हळू आणि ग्राफिक कार्ड तगडं असलं की कार्डाला कामाची वाट बघत बसावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ. पण हा तो शब्द मिठासारखा सगळ्यावर टाकतो. नवले पुलापाशी एसटी अडकली, बॉटलनेक. रेशनच्या रांगेत अंगठा उमटेना, बॉटलनेक. चुलत्याच्या लग्नाचं जमत नाही, कारण मुलगा बरा पण नोकरी नाही, तर तिथेही ‘प्रोसेसर ठीक आहे, पॉवर सप्लाय कमी पडतोय’ हे निदान हा जेवताना करतो आणि ताटावरून उठवला जातो.

ज्ञान मात्र खरं असतं. एएमडीचं एएम4 सॉकेट 2017 साली रायझनबरोबर नावारूपाला आलं. त्याच सॉकेटवर 2022 साली रायझन 5 5600 आला, म्हणून जुन्या बोर्डावरही तो बसतो, फक्त आधी बायोस अद्ययावत करावा लागतो, हे तो झोपेतही सांगेल. एएम5 घेतलं तर रॅम डीडीआर5च लागते. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असलं की त्यात चित्र दाखवायची सोय नसते, कार्ड हवंच. रॅम 16 जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा 8 च्या दोन घ्याव्यात, म्हणजे दोन्ही वाटांनी डेटा धावतो. हे सगळं त्याने स्वतःचा कॉम्प्युटर नसताना, रेंजसाठी घराच्या पत्र्यावर बसून शिकलेलं आहे. वेल्ह्याच्या आतल्या खोऱ्यांत रेंज ही काही घरबसल्या मिळायची वस्तू नाही.

मग घोडं अडतं कुठे? ‘थांबण्यात’. दोन महिन्यांनी नवीन कार्ड येणार, मग जुन्याचे भाव पडणार, मग आपण घेणार. या हिशेबाने त्याच्या थोरल्या भावाच्या पिढीने 2020 मध्ये थांबायला सुरुवात केली. लॉकडाऊनमध्ये चिप मिळेनात आणि असतील ती कार्डं इथेरियम या आभासी चलनाच्या खाणवाल्यांनी पळवली. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमने खाणकामाची पद्धतच बंद केली आणि वर्षानुवर्षं दिवसरात्र तापलेली कार्डं ‘फक्त मुलीच्या प्रोजेक्टसाठी वापरलेलं’ अशा ओळीसह विक्रीला निघाली. त्यांच्या भीतीने हाही थांबला. 2025 च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर रॅमचे भाव असे काही चढले, की याच्या चारही याद्या एका आठवड्यात इतिहासजमा झाल्या.

“तू थांबलास म्हणून महागलं,” असं वडील म्हणाले. जागतिक बाजारपेठेचं याहून थोडक्यात विश्लेषण कुणी केलेलं नसेल.

वडील हा या प्रकरणातला खरा मदरबोर्ड. सगळं त्यांच्यावरच बसवायचं असतं. ते शिरवळच्या एमआयडीसीत पाळीला जातात, मशीन त्यांना परकं नाही, पण गाभण म्हशीच्या पैशात खेळणं घ्यायचं ही गोष्ट त्यांच्या गळी उतरत नाही. त्यामुळे प्रत्येक भागाला एक शैक्षणिक कारण जोडावं लागतं. ग्राफिक कार्ड ऑटोकॅडसाठी. 144 हर्ट्‌झचा मॉनिटर डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून. मेकॅनिकल कीबोर्ड टायपिंगच्या परीक्षेसाठी. कॅबिनेटमधल्या रंगीत पंख्यांना मात्र कारण सापडत नाही. तिथे तो ‘ते असंच येतं’ म्हणून पुढची ओळ वाचतो.

शेवटचं अस्त्र म्हणून तो करिअर काढतो. पुण्यातच गेम बनतात, युबिसॉफ्टचा स्टुडिओ 2008 पासून पुण्यात आहे. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ केला, तो 2020 मध्ये आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन होतं. वडील हे सगळं शांतपणे ऐकतात. “मग बनव की. खेळतोस कशाला?”

पैसे अखेर जमतात. थोडी स्कॉलरशिप, थोडे आत्याने दिलेले, थोडे गणपतीत डेकोरेशनच्या लाइटिंगचं काम करून मिळवलेले, उरलेले आईच्या बचत गटातून. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड बांधला गेला असं सांगतात, तेव्हा या खोऱ्यात धन हाती लागताच काम काढायची रीत जुनीच म्हणायची.

ऑनलाइन मागवायचं तर पत्त्यापासून घोळ. 2024 मध्ये राज्य सरकारने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं, त्यामुळे तालुक्याच्या रकान्यात काय भरायचं यावर घरातच दोन पक्ष. शिवाय पिनकोड टाकला की कधी ‘या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही’ आणि कधी ‘नसरापूरला येऊन घेऊन जा’. काचेचं कॅबिनेट नसरापूरहून आणायचं तर मग पुण्याहूनच का नको, असा विचार करून बापलेक मोटरसायकलवर निघतात.

पुण्यात आधी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. तिथे वायरी, माळा, स्विच असं सगळं मिळतं, आणि केबल बांधायच्या पट्ट्या शंभराच्या पुडक्यात मिळतात. त्या त्याने सर्वांत आधी घेतल्या, कॉम्प्युटर अजून यायचा होता. मग कॉम्प्युटरचं दुकान. इथे दोन वर्षांच्या अभ्यासाची खरी तोंडी परीक्षा. तो विचारतो, व्हीआरएमला हीटसिंक आहे का, पॉवर सप्लाय 80 प्लस ब्रॉन्झ आहे का, पंख्याचं बेअरिंग कुठलं. दुकानदार चष्म्यावरून बघतो. “घ्यायचंय, की विचारायचंय?” वडिलांना हा माणूस तिथेच आवडतो.

मग बिलाचा प्रश्न. कॉम्प्युटरच्या भागांवर जीएसटी 18 टक्के, म्हणजे 50,000 च्या मालावर 9,000. ‘बिल नको असेल तर बघतो’ असा बारीक आवाज येतो तेव्हा वडिलांचे डोळे लकाकतात, पण पोरगा पहिल्यांदाच ठाम उभा राहतो. कार्डाची वॉरंटी तीन वर्षं, भानगड झाली तर बिल हवंच. दोन वर्षांत त्याने घेतलेला हा सर्वांत शहाणा निर्णय. याचं श्रेय त्याला द्यायला हवं, कारण पुढच्या अर्ध्या तासात त्याने पॉवर सप्लायमध्ये पैसे वाचवून तेच रंगीत पंख्यांत घातले.

परतीचा प्रवास पाहण्यासारखा. पुढे वडील, मागे पोरगा, मधे कॅबिनेटचं खोकं उभं. मदरबोर्ड पोराच्या पाठीवरच्या सॅकमध्ये, ग्राफिक कार्ड जॅकेटच्या आत पोटाशी. खेड शिवापूरला पावसाची सर आली तेव्हा दोघांत रेनकोट एकच होता. तो खोक्याला घातला.

जोडणी रात्री. जमिनीवर चटई, आजूबाजूला घरातली सगळी माणसं, शेजारचे दोघं आणि एक टॉर्च धरणारा. प्रोसेसर बसवताना खटका उचलायचा, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि सोडून द्यायचा. जोर अजिबात लावायचा नाही, तो आपल्या वजनाने बसतो. इथे सगळे श्वास रोखतात. रॅमचं नेमकं उलटं, दोन्ही अंगठ्यांनी कट्ट आवाज येईपर्यंत दाबावी लागते, आणि बोर्ड वाकताना दिसला की आई “मोडलंस!” म्हणून ओरडते. पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. कूलरच्या बुडाचा प्लॅस्टिकचा कागद काढायचा. पॉवरच्या बटणाच्या दोन तारा जिथे लावायच्या त्या पिना मोहरीएवढ्या. बोर्डाच्या मागची पत्र्याची पट्टी सगळ्यांत आधी बसवायची असते. ती सगळं झाल्यावर चटईखाली सापडते, मग सगळं परत खोलायचं.

पहाटे दोनला बटण दाबलं. पंखे फिरले, सात रंग उजळले, टाळ्या झाल्या. पडद्यावर ‘नो सिग्नल’.

सकाळी दहापर्यंत घरात सुतक. प्रोसेसर ‘एफ’वाला आणि एचडीएमआयची केबल लावलेली मदरबोर्डाला. चार वर्षांच्या आतेभावाने ती “इथं पण भोक आहे” म्हणत कार्डात घातली आणि चित्र आलं. मॉनिटरचेही पैसे पंख्यांत गेल्यामुळे चित्र आलं ते घरातल्या जुन्या 32 इंची टीव्हीवर. त्याची रेषांची मर्यादा 768. गावातल्या सर्वांत महाग कार्डाला आता सर्वांत सोपं काम होतं.

गेम उतरवायचा तर जीटीए 5 शंभर जीबीच्या वर. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर हे 67 दिवसांचं अनुष्ठान. तोवर मित्राच्या पेनड्राइव्हमधून आलेला ‘व्हाइस सिटी’ लावला. 2003 साली कॉम्प्युटरवर आलेल्या या गेमला 32 एमबीचं कार्ड पुरतं. याचं कार्ड 12 जीबीचं, म्हणजे 384 पट. गेम उत्तम चालला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या पूजेत कोयता, विळा, वडिलांची मोटरसायकल यांच्या रांगेत कॅबिनेटही बसलं. हळदकुंकू वाहताना कुणीतरी चालू केलं आणि पुढच्या पंख्याने कुंकू आत ओढलं. हीटसिंकच्या पात्यांत ते अजून आहे.

आजीने मात्र यंत्रात काहीतरी ‘वारं’ असल्याचं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. अनवाणी उभं राहून तिने कॅबिनेटवरची धूळ पुसली आणि बोटांना मुंग्या आल्या. सगळे हसले. आजीचं निदान मात्र चोख होतं. पॉवर सप्लायमधल्या गाळणीचे कपॅसिटर थोडी वीज पत्र्याकडे सोडतात. ती अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावी म्हणून प्लगला तिसरी पिन. जुन्या वाड्यांत आणि घरांत बोर्डाला तिसरं भोक असतं, पण त्यामागे पुष्कळदा तारच नसते. मग पत्र्यावर साधारण निम्मा, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो. प्रवाह नगण्य, म्हणून फक्त झिणझिण्या. पण बिघाड झाला तर तोच पत्रा जिवावर उठू शकतो. भाटघर धरणाच्या पायथ्याशी वीजघर असलेल्या या पट्ट्यात पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते, हा आणखी वेगळा विषय. 600 व्हीएचा यूपीएस जेमतेम 360 वॉटचा असतो, आणि गेम रंगात असताना लाईट गेली की तोच आधी मान टाकतो.

आता पोरगा कॉलेजातून आला की चावडीपासून सेवा केंद्रापर्यंत त्याला हाका असतात. सातबाऱ्याचा प्रिंटर अडला, शाळेचा कॉम्प्युटर सुरू होईना, कुणाच्या मशीनमध्ये पाल शिरली, तर हाच जातो. रॅम काढतो, खोडरबराने टोकं पुसतो, परत बसवतो, दहांतले निम्मे सुरू होतात. पैसे घेत नाही. गेम खेळायला त्याला वेळ मिळत नाही. ‘फायनल 3’ नावाची नवी यादी मात्र सुरू झाली आहे.

तुमच्याही घरात असा एखादा मोबाइलवर बेरीज करत बसलेला असेल, तर त्याच्याशी प्रोसेसरवरून वाद घालू नका, त्यात तुम्ही हराल. आधी वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या. नसेल तर खड्डा काढून कोळसा-मिठात प्लेट पुरून घ्या. खर्च त्या रंगीत पंख्यांच्या पैशातून वळता करा.