अठ्ठ्याण्णव टक्के

लवासात कुठे पाण्याचा दुष्काळ पडायचाच असेल तर तो पाइपच्या आत पडावा, असा एका माणसाचा हट्ट असतो. साइटवर त्याला ‘कमिशनिंगवाले’ म्हणतात. वरसगाव धरणाच्या काठी, इटलीतल्या पोर्तोफिनोची आठवण यावी अशा रंगांनी नटलेल्या या गावात जुलै २०२४मध्ये चोवीस तासांत ४५३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. अशा मुलखात आगीच्या पाइपातली दमट हवा शोधून हाकलायची, हे त्याचं काम.

आगीच्या पाइपात पाणी नको, हे ऐकून शहाणा माणूस चमकतोच. बहुतेक इमारतींत स्प्रिंकलरचे पाइप कायम भरलेले असतात. खोली तापली, लाल काचेची नळी ६८ अंशांना फुटली, की तिच्याखाली पाणी सुरू. पण खाली सर्व्हर रूम असेल तर कुणाच्या शिडीचा धक्का लागून फुटलेला एक स्प्रिंकलर आगीइतकाच महागात पडतो. तिथे पाणी वॉल्व्हपाशी अडवतात. डिटेक्टरने आगीची वर्दी दिल्यावरच ते पुढे सरकतं. तोवर पाइपात नुसती दाबाखालची हवा. उणे अठरा अंशांच्या कोल्ड स्टोरेजमध्येही पाइप असाच कोरडा ठेवतात, नाहीतर ऐन आगीत पाइपातून बर्फाची कांडी निघायची.

आता हवा म्हटली की ऑक्सिजन आला. चाचणीनंतर उताराच्या टोकाला साचलेलं वाटीभर पाणी आधीच तिथे असतं. दोघांचं जमलं की गंज. म्हणून हवेऐवजी नायट्रोजन, आणि तो जागेवरच तयार करणारा जनरेटर.

समजा, लवासाच्या दासवे भागातल्या एखाद्या हॉटेलने तो घ्यायचं ठरवलं. मॅनेजरसाहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला.

“हवेत आधीच ७८ टक्के नायट्रोजन आहे ना?”

“आहे, साहेब.”

“मग आम्ही पैसे कशाचे देतोय?”

“बाकीचं काढायचे.”

हेच साहेब पेट्रोल पंपावर टायरमध्ये नायट्रोजन भरून घेतात आणि त्याच नायट्रोजनने फुगवलेलं वेफर्सचं पाकीट फोडत घाट चढतात. पण पाइपाला तो लाड त्यांना पटत नाही.

यंत्राची करणी साधी. कॉम्प्रेसर हवा दाबतो, फिल्टर आणि ड्रायर ती गाळून सुकवतात, मग ती केसासारख्या पोकळ तंतूंच्या जुडग्यातून जाते. ऑक्सिजन आणि बाष्प तंतूंच्या भिंतीतून चटकन निसटतात, नायट्रोजन बराचसा शेवटपर्यंत टिकतो. जुलैत मात्र हा कॉम्प्रेसर हवेबरोबर निम्मं सह्याद्रीचं धुकं ओढतो. ड्रेनची नळी दर थोड्या वेळाने फस्सकन पिचकारी मारते आणि वॉचमन येऊन सांगतो, “साहेब, मशीन लीक आहे.”

खरी लीक शोधायला वेगळाच यज्ञ. पाइपात ४० पीएसआय, म्हणजे साइटच्या भाषेत पावणेतीन किलोच्या थोडं वर, हवा भरून चोवीस तास ठेवायची. दीड पीएसआयहून जास्त उतरता कामा नये. फिटर छातीठोकपणे सांगतो, “माझ्या हातचं काम आहे, सुतळी-सफेदा मारलाय.” सकाळी काटा झोपलेला. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन मंडळी शिडीवर. शंभर सांधे निर्दोष सुटतात आणि बुडबुडे येतात ते गेजच्याच आट्यांतून.

त्यातून दाराचं भांडण. पाऊस आत येतो म्हणून हॉटेलवाले जनरेटर ठेवलेली पंप रूम बंद करतात, कमिशनिंगवाले उघडतात. नायट्रोजनला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो साचला तर माणसाला कळण्याआधीच भोवळ येते. हे समजावल्यावर दार उघडं राहतं, पण खोलीत कुणी यायला तयार होत नाही.

मग वाट पाहणं. बारीक व्हेंटमधून जुनी हवा सोडत, मागून नायट्रोजन भरत, पाइपातलं प्रमाण ९८ टक्क्यांवर न्यायला साधारण चौदा दिवस देतात. लवासाला थांबण्याचा सराव आहे म्हणा. नोव्हेंबर २०१०मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावलं, ऑगस्ट २०१८मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. त्यापुढे चौदा दिवस ते काय! पण मॅनेजरसाहेब रोज मीटर पाहतात. पहिले आकडे झपाट्याने चढतात, नव्वदीनंतर मात्र दशांशाने. “अडकलंय का हो?” हा प्रश्न सकाळच्या चहाबरोबर येतो. शिवाय महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचा ‘फॉर्म बी’ द्यायचा असतो, त्याची घाई वेगळीच.

अखेर मीटरवर ९८ उमटतात. कमिशनिंगवाले रिपोर्ट पुढे करतात. साहेब चष्मा लावून आकडा दोनदा वाचतात.

“दोन टक्के कमी आहेत.”

“तेवढे चालतात, साहेब. गंज जवळजवळ थांबतो.”

“आम्हालाही चालतील,” साहेब पेनाचं टोपण काढत म्हणतात, “बिलात तेवढेच कमी करा.”