स्टँडखालचा दगड

माझी उंची पाच फूट साडेचार इंच. त्यातला अर्धा इंच मी आजवर प्रत्येक फॉर्मवर न चुकता लिहीत आलोय, त्यावरून माणसाचा स्वभाव ओळखावा. अशा माणसाने 823 मिलिमीटर उंच सीटची मोटरसायकल घ्यावी का, याचा निकाल आईने गाडी दारात उभी राहताक्षणीच दिला होता. म्हणाली, "शिडी बरोबर मिळते, की वेगळी घ्यावी लागते?"

गाडी म्हणजे हिरोची एक्सपल्स 200. बाजारात आली 2019 साली, माझ्याकडे आली ती दुसऱ्याच्या हाताखालून. असल्या गाड्यांना ड्युअल-स्पोर्ट म्हणतात. नंबरप्लेट, दिवे, आरसे सगळं असतं, त्यामुळे हापिसात नेता येते. पुढचं चाक 21 इंची, मागचं 18 इंची आणि पोटाखाली 220 मिलिमीटर मोकळी जागा, त्यामुळे ढेकळांतूनही नेता येते. सोमवार ते शुक्रवार संसारी, शनिवार-रविवार बैरागी. मला हा प्रकार फार आवडला, कारण मी सातही दिवस संसारी होतो.

सहा महिने गाडी कुरकुर न करता चालली. तिथेच घात झाला. नीट चालणाऱ्या गाडीत माणसाला करण्यासारखं काही उरत नाही. मग तो रात्री व्हिडिओ बघतो.

व्हिडिओतली माणसं गाडीवर उभं राहून चालवत होती. उभं राहिलं की हँडल खाली राहतं आणि पाठीला बाक येतो, म्हणून हँडल उचलणारे ठोकळे बसवायचे असतात. त्यांना रायझर म्हणतात. नाना पेठेत जाऊन मी तीस मिलिमीटरची जोडी आणली आणि रविवारी सकाळी पार्किंगमध्ये स्वतः बसवली. मी उभं राहून गाडी चालवत नव्हतो. बसूनच जेमतेम जमत होतं. पण तयारी असावी.

सोमवारी सोसायटीच्या गेटातून डावीकडे वळलो आणि गाडी आपोआप रेस झाली. हँडल सरळ केलं, शांत. डावीकडे वळवलं, पुन्हा किंकाळी. हँडल तीस मिलिमीटर वर गेलं होतं, पण अ‍ॅक्सिलेटरची वायर होती तेवढीच होती. डावीकडे वळलं की ती ताणली जायची आणि माझ्या मनगटाला न विचारता रेस द्यायची. हे कळायला मला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी हापिसात फक्त उजव्या वळणांनी गेलो. पुण्यात ते अशक्य नाही, फक्त अंतर दुप्पट होतं. वायर दुसऱ्या वाटेने फिरवून घ्यायला गॅरेजवाल्या काकांना दहा मिनिटं लागली. "वायरला थोडी मोकळीक द्यायची असते साहेब," ते म्हणाले. हे वाक्य मी लक्षात ठेवायला हवं होतं.

मग कोणीतरी सांगितलं की चढावर ताकद हवी असेल तर पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करायचा. गॅरेजमध्ये त्याला सॉकेट म्हणतात. पुढे एक दात कमी करणं हे मागे साधारण तीन दात वाढवण्यासारखं आहे. चढावर जोर वाढतो, सपाटीवर वेग घटतो. मला कुठलाही चढ चढायचा नव्हता, पण स्वस्तात तीन दात मिळत होते. बसवल्यावर सातारा रस्त्यावर सत्तरच्या वेगाला इंजिन एवढं ओरडू लागलं की शेजारून जाणारा एसटीचा ड्रायव्हर काळजीने खाली वाकून बघायचा.

पुढचं स्प्रॉकेट लहान झालं की चेन सैल पडते. सैल दिसली की मी घट्ट करणारच. पाना घेतला आणि तंबोरा लावावा तशी चेन लावली. बोटाने छेडली तर सूर लागत होता. आता यातली गंमत अशी, की चेन ताणायची ती गाडी रिकामी असताना. माणूस बसला, शॉकअप दबला की मागचं चाक पुढच्या स्प्रॉकेटपासून लांब सरकतं आणि चेन आणखी ताणली जाते. असल्या गाड्यांचा शॉकअप जास्त दबतो, म्हणून चेनला चांगला झोळ ठेवावा लागतो. माझ्या चेनला झोळ नव्हता. पहिल्याच खड्ड्यात तिने जो आवाज केला, तो मी त्यापूर्वी फक्त दाताच्या डॉक्टरांकडे ऐकला होता.

काकांनी चेन पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मोकळीक हा शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही. सभ्य माणूस.

टायरचं प्रकरण आमच्या गॅलरीत घडलं. तारांच्या चाकात ट्यूब असते आणि रानात पंक्चर झालं तर ती आपली आपल्याला बदलता आली पाहिजे, असं व्हिडिओतला माणूस म्हणाला. त्याला ते चार मिनिटांत जमलं. मी पहिली ट्यूब लोखंडी लिव्हरमध्ये चिमटून फाडली. दुसरीही तशीच फाडली, पण वेगळ्या ठिकाणी, म्हणजे शिकत होतो. तिसरीच्या वेळी आईच्या टाल्कम पावडरचा अख्खा डबा ट्यूबला चोपडला, त्यामुळे फाटतानाही तिला मोगऱ्याचा वास येत होता. शेवटी चाक रिक्षात घालून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेलं. त्याने ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरली, म्हणजे ती घडी होऊन लिव्हरखाली येत नाही. मग टायरची समोरची कड गुडघ्याने रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरली, त्याबरोबर अलीकडची कड सैल झाली आणि जवळजवळ हातानेच आत गेली. मी दीड दिवस त्या टायरशी कुस्ती खेळत होतो. तो फक्त योग्य ठिकाणी गुडघा टेकून बसला.

यानंतर शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. पण 2015 साली सी. एस. संतोष डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला होता, आणि मला वाटत होतं की दुसऱ्या-तिसऱ्याच्या रांगेत आपण आहोत. एका ओळखीच्याने गाडी विकताना त्याचे उंच, रॅलीचे शॉकअप काढून ठेवले होते. ते मी घेतले. सोबत लांब साइड स्टँडही तो देत होता, त्याचे वेगळे पैसे मागत होता. मी म्हटलं, स्टँड आहे की आमचा! तेवढे वाचवले.

आता गाडी एवढी उंच झाली की मला चढायला फूटपाथ लागायचा. सिग्नलला मी डाव्या कडेचा फूटपाथ, दगड किंवा ओळखीचा माणूस शोधायचो. आणि आखूड स्टँडवर गाडी अशी कलायची, की पार्किंगमध्ये येणारा प्रत्येक जण आधी तिला सरळ करायला धावायचा. सायलेन्सर बदलण्याचाही विचार होता. मग वाचनात आलं की परवानगीशिवाय केलेल्या बेकायदा फेरफाराला मोटार वाहन कायद्यात दर फेरफारामागे 5000 रुपये दंड आहे. मी बोटं मोजायला लागलो, आणि चौथ्या बोटाला हात खिशात घातला.

ऑगस्टातल्या एका रविवारी नसरापूरवरून वेल्ह्याला गेलो आणि पुढे केळदच्या वाटेला लागलो. भातखाचरं भरलेली, डोंगरावर ढग. एका कच्च्या फाट्यावर ओढा दिसला. तो ओलांडण्याआधी आपला फोटो असावा, कारण नंतरचं सांगता येत नाही, म्हणून गाडी स्टँडला लावली आणि चार पावलं मागे गेलो. फोटोत गाडी उभी आहे. दुसऱ्या फोटोत ती वाकली आहे. तिसऱ्या फोटोत फक्त वरचं चाक दिसतं.

दीडशे किलोंची गाडी चिखलातून उचलायची म्हणजे काय, हे गाडीला चिखलात पडलेलं पाहिल्याशिवाय कळत नाही. मी पुढून ओढली, मागून ढकलली, थोडा वेळ तिच्याशेजारी नुसता बसलो. तेवढ्यात ओढ्यातून एक एम-एटी आली. जुनी, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, वर एक गृहस्थ, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ. ओढा त्यांनी माझ्याकडे बघत बघत ओलांडला.

"काय ओ पाव्हणं, निजवलीया का गाडी?"

त्यांनी एम-एटी बाजूला लावली, माझ्या गाडीचं हँडल पुरतं फिरवलं, तिच्याकडे पाठ करून खाली बसले, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची दांडी धरली आणि पायांच्या जोरावर उभे राहिले. गाडीही उभी राहिली. पाठ सीटला, जोर मांड्यांना. मग त्यांनी ओढ्यातला एक चपटा दगड उचलला, पायाने स्टँडखाली सरकवला आणि गाडी त्यावर सोडली. हलली नाही.

"यवढंच कमी व्हतं बगा," ते म्हणाले आणि दूध घालायला निघून गेले. मी ओढा ओलांडला नाही. ओलांडून झाला होता, असं मला वाटलं.

घरी आल्यावर गाडी दम टाकू लागली. काकांनी एअर फिल्टर काढला आणि माझ्यासमोर पाटावर आपटला. वेल्ह्यापासून कात्रजपर्यंतची सगळी माती बाहेर आली. "साहेब, यात मेथी लावा, येईल," ते म्हणाले. "एवढं सगळं बदललंत, हा नाही बदलावासा वाटला?"

नव्हता वाटला. आठ महिन्यांत मी रायझर, स्प्रॉकेट, टायर आणि शॉकअप यांवर एकतीस हजार घातले. फिल्टर, ऑइल आणि चेनची साफसफाई यांवर शून्य. शॉकअप बदलले की चारचौघांत सांगता येतं. फिल्टर बदलला, हे कोणाला सांगणार?

गाडी आता मूळ रूपात आहे. चेन मी दर पाचशे किलोमीटरला पुसतो, तेल देतो, झोळ बोटाने तपासतो. फिल्टर दर धुळीच्या फेरीनंतर उघडतो. आईच्या जुन्या पाटाचा एक पाय कापून, त्याला सुतळी बांधून सीटखाली ठेवलाय. भुसभुशीत जमीन दिसली की तो स्टँडखाली जातो. माझ्या सगळ्या बदलांपैकी टिकलेला हा एकच.

बाकी सगळं माळ्यावर आहे. कोणाला हवं असेल तर खुशाल न्यावं. फक्त मी बसवून देईन, अशी अट घालू नये.