स्वस्त विकाल तर खबरदार!

ग्राहकहितासाठी झटणाऱ्या सरकारी कचेऱ्यांची यादी कोणी केलीच, तर जर्मनीच्या मालवाहतूक खात्याला तीत मानाचे पान द्यावे. एरवी हे खाते महामार्गावरचे ट्रक तपासते. 2010 च्या सुमारास त्याने मान वर केली आणि आकाशात त्याला दुबईची एमिरेट्स दिसली. गुन्हा भयंकर होता. जर्मनीतून निघणाऱ्या काही मार्गांवर ही कंपनी बिझनेस क्लासचे तिकीट युरोपीय कंपन्यांपेक्षा स्वस्त विकत होती! खात्याने फर्मावले, भाडे वाढवा. युरोपबाहेरच्या कंपनीने दर उतरवण्यात पुढाकार घ्यायचा नसतो म्हणे. एमिरेट्सने बराच आरडाओरडा केला. प्रवाशाला कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

मुक्त बाजारपेठेचे धडे जगाला देणाऱ्या खंडात हे घडले, म्हणून आश्चर्य वाटून घेऊ नये. स्पर्धा हवी, पण हरणारा आधी ठरलेला हवा, एवढीच युरोपीय विमान कंपन्यांची माफक अपेक्षा आहे.

त्यांची तक्रार आहे तरी काय? आखातात मालक सरकार, विमानतळ सरकारचा, नियम करणारेही सरकारच. पगारावर प्राप्तिकर नाही. कामगार संघटना नाही, म्हणून संपही नाही. शिवाय विमानतळ चोवीस तास उघडा. रात्री दोन वाजता दुबईच्या विमानतळावर संध्याकाळच्या दादर स्टेशनाइतकी गर्दी असते. फ्रँकफर्टचा विमानतळ मात्र 2011 पासून रात्री अकरा ते पहाटे पाच झोपतो. ही झोप जर्मन न्यायालयाने कायम केली, तिकिटावरचा हवाई कर त्याच वर्षी जर्मन सरकारने बसवला, आणि जानेवारी 2025 पासूनच्या प्रवासासाठी 1 ते 72 युरोंचा पर्यावरण अधिभार खुद्द लुफ्तान्सा गटाने लावला. दोष अर्थातच दुबईचा.

आता हा धंदा दुबईला शिकवला कोणी? मुंबईचा माणूस शिकागोला जाताना त्याला मधे आपल्या गावात उतरवायचे, दुसऱ्या विमानात बसवायचे आणि दोन्ही टप्प्यांचे पैसे घ्यायचे, हा उद्योग लुफ्तान्सा अनेक दशके करत आली आहे. केएलएम तर त्यावरच जगली. नेदरलँड्स एवढासा देश, देशातल्या देशात विमानाने जाणार कुठे? तेव्हा जगभरचे प्रवासी ॲमस्टरडॅमला गोळा करायचे आणि पुन्हा जगभर पांगवायचे. हे ॲमस्टरडॅमने केले की त्याला जगाला जोडणे म्हणतात, दुबईने केले की बाजारपेठेची नासाडी. आपला तो बाब्या!

सरकारी मदतीबद्दलही गैरसमज नको. लुफ्तान्सा 1997 मध्ये पूर्ण खासगी झाली; त्याआधी तिला सरकारनेच वाढवले, पण ते जुने झाले. 2020 मध्ये करोनाने विमाने जमिनीवर बसवली, तेव्हा जर्मन सरकारने तिच्यासाठी 9 अब्ज युरोंची थैली सोडली. फ्रान्सने एअर फ्रान्ससाठी 7 अब्जांची सोय केली. त्याच वर्षी दुबई सरकारनेही एमिरेट्सला सुमारे 2 अब्ज डॉलर दिले. यातला फरक सुजाण वाचकाने ध्यानात घ्यावा: युरोपात दिले ते संकटकाळचे साहाय्य, दुबईत दिले ती सरकारी खैरात. लुफ्तान्साने पैसे परत केले, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवे. मात्र त्या मदतीला युरोपीय आयोगाने दिलेली मंजुरी युरोपच्याच न्यायालयाने 2023 मध्ये रद्द केली, हेही सांगायला हवे.

एअरबसची कथा तर अधिकच हृद्य आहे. ए-380 हे दुमजली अवाढव्य विमान युरोपच्या सरकारांनी कर्जे देऊन घडवले. एकूण 251 विमाने विकली गेली. त्यांतली 123 एकट्या एमिरेट्सने घेतली. 2019 मध्ये तिने मागणी घटवली आणि ते विमान बनवणेच थांबवायचे ठरले. या विमानांच्या अंतर्भागाचे काम हॅम्बुर्गला चाले. म्हणजे दुबईचा शेख हॅम्बुर्गमध्ये लाखमोलाचे गिऱ्हाईक आणि फ्रँकफर्टमध्ये घुसखोर.

आखातवाले धुतल्या तांदळाचे आहेत असे नव्हे. अबुधाबीच्या एतिहादने युरोप जिंकण्याची जी युक्ती काढली तिला इतिहासात तोड नसावी: शत्रूच्या सर्वांत आजारी कंपन्या विकत घ्यायच्या. एअर बर्लिनमध्ये 29 टक्के, अलितालियात 49 टक्के आणि मधल्या काळात आपल्या जेट एअरवेजमध्ये 24 टक्के. 2017 मध्ये पहिल्या दोघी दिवाळखोरीत गेल्या, एप्रिल 2019 मध्ये जेटने मान टाकली. मुंबईत हजारो घरांचे पगार थांबले. कतारची तऱ्हा वेगळी. युरोपीय संघाने त्या देशाशी 2021 मध्ये मुक्त आकाशाचा करार केला. वाटाघाटी चालू असताना संघाच्या वाहतूक विभागाचे महासंचालक कतार एअरवेजच्या बिझनेस क्लासमधून फुकट फिरत होते, हे 2023 मध्ये उघड झाले. यात हितसंबंधांचा प्रश्न येतो का, हे त्यांनी स्वतःच स्वतःला विचारून मंजूर केले होते. त्यांना पद सोडावे लागले. करार कायम राहिला.

थट्टा बाजूला ठेवून एक गोष्ट सांगतो. याच कतार एअरवेजच्या नोकरीच्या करारात गर्भवती हवाई सुंदरीला कामावरून काढण्याची मुभा होती, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2015 मध्ये तो भेदभाव ठरवला. अमिरातीत संघटना बांधणे आजही बेकायदा आहे. युरोपीय कंपन्यांनी भांडायचे तर या मुद्द्यावर भांडायला हवे होते. पण त्यांच्या रडगाण्यात अनुदान येते, इंधन येते, कर येतो. माणसे शेवटच्या कडव्यात.

आणि आपण? एमिरेट्स 1985 मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या काही मुक्कामांत मुंबई होती. आज तिला मुंबईकर-पुणेकर आणखी हवे आहेत, पण भारत-दुबई मार्गावर दोन्ही बाजूंना आठवड्याला प्रत्येकी सुमारे 66 हजार आसनांचा कोटा दहाहून अधिक वर्षांपूर्वी ठरला, तिथेच तो अडला आहे. दुबई वाढवून मागते, एअर इंडिया विरोध करते, दिल्ली नाही म्हणते. एअर इंडियाला सावरायला वेळ द्यावा, हे म्हणणे चूक नाही. तो किती द्यावा आणि त्याचे बिल कोणी भरावे, हे मात्र कोणी बोलत नाही. मे महिन्यात दुबईमार्गे म्युनिकच्या लेकीकडे, श्टुटगार्टच्या मुलाकडे निघालेल्या आई-बाबांनो, भाडे पाहून विमान कंपनीला शिव्या घालू नका. या मार्गावर खुर्च्या किती असाव्यात हे दोन सरकारे ठरवतात, आणि त्यांतले एक तुमचे आहे. पुढच्या वेळी खासदार मत मागायला दारात आले, की रस्ते-पाण्याबरोबर या खुर्च्यांचाही हिशेब विचारा.